ओल्या फडक्याखालची झोप

वाचून तुम्ही नाक मुरडाल, मला ठाऊक आहे. ऐकताना मीही मुरडलं होतं. पण ही गोष्ट खरी आहे. माझी मामी उगाच तिखटमीठ लावून बोलणारी बाई नाही. आणि हे सांगताना तिला दोनदा उठून बेसिनकडे जावं लागलं.

रात्र, वादळ, वीज गेलेली, असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. हे भर सकाळी घडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता, शेजारच्या घरात वॉशिंग मशीन घरघरत होतं.

फक्त मामीच्या बेडरूममध्ये मिट्ट काळोख होता.

कारण माझा मामा दिवसा झोपतो.

मामा बेकरीत कामाला आहे. रात्रभर पीठ मळायचं, पहाटे पाव भट्टीत सारायचे आणि उजाडल्यावर घरी यायचं. मामी कपड्यांच्या दुकानात, म्हणजे दिवसाची. त्यामुळे पलंग आळीपाळीनं. रात्री मामी झोपायची, सकाळी ती कामाला गेली की तिच्या जागी मामा. "आमचा संसार म्हणजे नुसती पाळी बदलणं," असं ती हसत सांगायची.

मग मामाची झोप उडाली.

दिवसभर नुसता तळमळायचा. डोळ्याला डोळा लागायचा नाही. आणि रात्री पीठ मळायच्या मशीनसमोर उभ्या उभ्या डुलक्या. एकदा त्याची बाही मशीनच्या फिरत्या दांड्यात अडकली. पोऱ्यानं धावत जाऊन बटण बंद केलं म्हणून हात वाचला. मालकानं सांगितलं, पुन्हा डुलकी दिसली तर घरी बसायचं.

मामीला नोकरीचं तेवढं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तो दांडाच यायचा. "त्या मेल्या मशीनला पीठ काय आणि बोटं काय, सगळं सारखंच," ती म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, झोपेची सवय लावा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं तेच करायचं. कोमट पाण्यानं पाय धुवायचे, फोन बाजूला ठेवायचा, जाड पडदे ओढायचे, त्याच अंथरुणावर अंग टाकायचं. हळूहळू शरीराला कळतं.

मामाला हे फारच पटलं. जरा जास्तच पटलं.

"अगं, हे तर पीठ फुगवण्यासारखंच आहे!" तो मामीला म्हणाला. "ऊब पाहिजे, ओल पाहिजे, अंधार पाहिजे. आणि मधेमधे कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याचं सुरू झालं. अंथरुणात आधी गरम पाण्याची पिशवी. पांघरुणावर एक ओलं फडकं, पिठाच्या पातेल्यावर टाकतात तसं, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. खिडकी उघडायची नाही. गादी उन्हात टाकायची नाही. आणि एक नवी उशी. म्हणजे नवी कसली, कुठून तरी उचलून आणलेली, मळकट, गोळे झालेली. तिचा अभ्रा धुवायलाही त्यानं मनाई केली.

"शी! वास येतोय तिला," मामी म्हणाली.

"येऊ दे. तू तुझ्या उशीवर झोप."

आणि काय सांगू, मामाला झोप लागली! अशी डाराडूर की दाराची बेल वाजली तरी ऐकू जाईना. मशीनसमोर ताठ उभा राहायला लागला. गाल वर आले. मामीनं हात जोडले. एवढ्यासाठी जरा घाण वास सोसायला तिची ना नव्हती.

पण मग रात्री ती अंथरुणात शिरायची…

आणि अंथरूण ओलं असायचं.

फडक्याची ओल नव्हे. चिकट, कोमट ओल. पलंगाच्या बरोबर मधोमध, माणसाच्या लांबीएवढी. मामा कामाला जाऊन कितीतरी वेळ झालेला असायचा, तरी ती जागा गार झालेली नसायची. शिळ्या आंबलेल्या पिठासारखा वास यायचा, आणि त्याखाली तेलकट डोक्याचा.

तिनं चादरी बदलल्या. घासून घासून धुतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी तिनं विषय काढला. "अहो, एवढा घाम? आणि लाळ तरी पुसत जा. उशीवर पापुद्रा जमलाय."

मामा चिडला. "माझी लाळ? मी आपला कडेला झोपतो. मधली ओल तुझीच असते. मी काही बोललो का? आणि केस केवढे पडलेत तुझे!"

मामीनं उशी दिव्याखाली धरली. केस होते. आखूड. पांढरे. मुळाशी पांढुरके कण चिकटलेले.

मामीचे केस कमरेपर्यंत, काळेभोर. आणि मामाला तर आम्ही लहानपणापासून 'चकचकीत मामा' म्हणतो.

पण मामा झोपत होता ना! तिनं केस चिमटीनं उचलले, कचऱ्यात टाकले आणि विषय गिळला.

मग तिला ताप आला.

दुकानातून रजा घेतली आणि सकाळीही ती अंथरुणातच राहिली, भिंतीकडे तोंड करून. मामा आला. पाय धुतल्याचा आवाज तिनं ऐकला. पडदे ओढले गेले. गरम पिशवी आत सरकली. फडकं पिळल्याचा आवाज… मग पांघरुणावर ते गार वजन. मामा पलीकडच्या कडेला आडवा झाला आणि लगेच घोरू लागला.

लग्नानंतर किती वर्षांनी दोघं एका वेळी त्या पलंगावर! तापातही मामीला बरं वाटलं. तिनं मागे हात नेला.

हात मऊ, गरम अंगाला लागला. मामाचं पोट, असं तिला वाटलं. तिनं थोपटलं.

बोटं आत गेली.

पार पेरापर्यंत. ओलसर, चिकट. तिनं हात ओढला तेव्हा ते बोटांबरोबर थोडं ताणलं गेलं… आणि मग हळूहळू पुन्हा फुगून वर आलं.

मामाचं घोरणं पलंगाच्या त्या टोकाकडून येत होतं.

आणि मधून दुसरा श्वास. जाड. बुडबुड्यांचा.

मामी वळली. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती, तेवढ्या उजेडात जे दिसलं ते दिसलं. मामा एका कडेला अंग चोरून झोपला होता. ती दुसऱ्या कडेला. आणि दोघांच्या मधे फडकं वर येत होतं. सावकाश. खाली बसत होतं… पुन्हा वर.

तिनं फडकं खेचलं.

खाली काहीच नव्हतं.

मधोमध ती मळकट उशी. तिच्यात डोक्याचा खळगा. आणि खळग्याच्या काठावर, हवेतूनच, लाळेची एक तार ओघळत होती. जाड, पिवळसर. उशीवर टपकत होती. वर तोंड नव्हतंच.

मामी पलंगावरच ओकली.

मामा दचकून उठला. तिनं बोट दाखवलं, तोवर तार तुटली होती. पण मामानं विचारलं नाही, काय झालं म्हणून. त्यानं मान खाली घातली.

"कुणाची उशी ही?" मामीनं विचारलं. "खरं सांगा."

"भट्टीवाल्या आजोबांची."

हे आजोबा बेकरीतले सगळ्यांत जुने. भट्टी विझली की पोटमाळ्यावर जाऊन पडायचे. बेकरीत त्यांच्या झोपेवर विनोद चालायचे. अशी झोप कुणाचीच नव्हती. एकदा ते पडले ते उठलेच नाहीत. उकाड्याचे दिवस. मालकाला वाटलं, गावी गेले. वरून वास यायला लागला, तोही आधी पिठाचाच वाटला.

"त्यांची उशी? तिच्यावरच ते…"

"अगं, पीठ आपोआप फुगतं का? आदल्या दिवसाचा गोळा त्यात घालावा लागतो. चांगल्या पिठातला. मला वाटलं, झोपेचंही तसंच असेल." मामा पुटपुटला. "आणि लागली ना झोप!"

मामीनं उशी, गादी, चादरी, फडकं, सगळं जिन्यावरून खाली ओढत नेलं आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं टाकलं. पलंग फिनेलनं पुसला. हात तर इतके धुतले की कातडी सोलवटली. नवी गादी आली. खिडक्या उघडल्या. वास गेला.

मामाची झोपही गेली.

पंधरवड्यात त्याच्या उजव्या हाताची करंगळी मशीननं नेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर मामी रात्रभर त्याच्या उशाशी बसून रडली. सकाळी जरा पडावं म्हणून त्याच्या शेजारी कलंडली, तर मधली जागा कोमट होती. तिनं नव्या उशीची शिवण उसवली. पांढऱ्याशुभ्र कापसात मूठभर काळपट, चिकट कापूस निघाला. तिनं जुनी उशी टाकायच्या आधीच मामानं तो काढून ठेवला होता, आणि करंगळी गेल्यावर गुपचूप नव्या उशीत भरला होता. बेकरीवाल्यांचा हात. थोडं मागे ठेवल्याशिवाय त्यांना काही संपवताच येत नाही.

या वेळी मामीनं तो कापूस फेकला नाही. त्या करंगळीच्या जागेकडे बघून तिची छातीच झाली नाही. तिनं स्वतःचे कपडे भरले आणि आमच्याकडे आली.

मी मागच्या महिन्यात मामाला भेटले. ठणठणीत आहे. बाकीची नऊ बोटं जागच्या जागी. बोलता बोलता त्याची झोपायची वेळ झाली, तसा तो पाय धुवायला उठला.

"मामा, तुला भीती नाही वाटत?"

"भीती नाही गं," तो म्हणाला. "किळस येते. रोज येते. कुशीवर वळलं की गालाला लागतं ते. पण झोप लागते."

एवढं बोलून तो पलंगाच्या कडेला सरकला. मधली जागा सोडून.

मामी आमच्याकडे सुखात असेल असं तुम्हाला वाटेल. ती माझ्या खोलीत, माझ्याच शेजारी झोपते. झोपते कसली, छताकडे बघत असते. डोळे खोल गेलेत. परवा रस्ता ओलांडताना समोरून येणारी मोटार तिला दिसलीच नाही. मी दंड धरून मागे ओढलं म्हणून वाचली.

काल संध्याकाळी माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामाकडे जाशील ना, तेव्हा त्याच्या उशीतला कापूस आण. फार नको. चिमूटभर पुरे."

"शी! मामी!"

"शी तर शी," ती म्हणाली आणि तिला उमासा आला. ओकारी दाबत ती बेसिनकडे गेली. परत आली तेव्हा तोंड पुसत पुन्हा म्हणाली, "विसरू नकोस हं."

मी शनिवारी मामाकडे जाणार आहे. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटलेली नाही.