न कुजणारी माती

गौरव्वानं विरजणाच्या भांड्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. दूध कालच्यासारखंच पातळ होतं. सड्याखालच्या वाडीत दही लागायचं कधीच थांबलं होतं, तरी ती रोज विरजण लावायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर मेल्यावरही काही जात नव्हतं.

वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, पीटची दलदल होती. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची काळी, भिजकी माती. ओली असेतो ती हवेतला कार्बन पोटात धरून ठेवते. वाळली की कुजते आणि धरलेलं सगळं हवेत सोडून देते. जग इतकं तापलं होतं, की अशी एकही दलदल वाळू देणं परवडणारं नव्हतं. म्हणून डॉ. पेठेबाईंनी 'अकुज' नावाचं शेवाळ घडवलं. त्यातून झिरपणारा रस कुजवणाऱ्या जिवाणूंना निजवून टाकी. भर उन्हाळ्यातही पीट कुजेना. बाईंचे सत्कार झाले. रस पाण्याबरोबर खाली वाडीत उतरतोय, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

दलदल ओली राखायला बंधाऱ्याच्या फळ्या घालायचं काम गौरव्वाचं. आधी ते तिचा नवरा मलगोंडा करायचा. अकुज लावलं त्याच वर्षी तो गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला मळ्यात बसवून माती दिली होती. आज वारलेल्या सासूसाठी शेजारी खड्डा घेताना कड ढासळली आणि मलगोंडा दिसला. तसाच बसलेला, तळहातावर इष्टलिंग, केस काळेभोर. गौरव्वाचे केव्हाच पिकले होते.

निरोप गेला तशा पेठेबाई आल्या.

“एवढं करा बाई, त्येला मातीत जाऊ द्या,” गौरव्वा म्हणाली. “घरात चुना हाय. चुन्यानं तुमचं शेवाळ मरतंय म्हनं.”

बाई बांधावर टेकल्या. असल्याच तक्रारी ऐकत गावोगाव फिरून त्याही थकल्या होत्या. “मरतं. पण इथं टाकून भागणार नाही, वरून रस येतच राहणार. सड्यावरचं सगळं अकुज मारावं लागेल. मग दलदलच कुजेल.” खड्ड्याकडे बघत त्या म्हणाल्या, “अग्नी दिला तर?”

“आमच्यात जाळत न्हाईत.”

“लेक कुठं असते तुमची?”

“सोलापुरात. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीतली मानसं उन्हाच्या झळीनं पटापटा मेली.” चुना का टाकायचा नाही, याचं उत्तर गौरव्वानंच दिलं होतं, आणि त्याचा तिला राग आला.

सासूला बसवलं. दोघांवर माती ओढली. चुन्याचं पोतं कोपऱ्यातच राहिलं. उन्हं कलल्यावर गौरव्वा बंधाऱ्यावर गेली, मागोमाग बाई.

“बाई, मी मेल्यावर?”

“तुम्हीही तशाच राहाल,” बाई खाली मान घालून म्हणाल्या.

गौरव्वानं फळी खाचेत बसवली, वर गुडघा दिला. दलदलीचं पाणी हळूहळू चढू लागलं.

“जल्मभर उभ्यानं राबले,” ती म्हणाली. “वाटायचं, मेल्यावर तरी माती हून पसरून पडंन. आता तितंबी बसूनच ऱ्हायचं.”