सुईणबुवांचा अंगठा

"आलात मिस्त्री? या टेबलाचा पाय डुगडुगतोय, तो बघा आधी," सरावाच्या रबरी पोटावर वाकलेली ती मान वर न करताच म्हणाली.

त्यानं कागदाची घडी करून पायाखाली सारली. "झालं. आता तुझे हात दाखव. मी तुझा सीनियर."

तिचं तोंड पाहण्यासारखं झालं.

तिचा तरी काय दोष! मूल होण्यात पुरुषाचा वाटा जगाला चालतो. त्याच मुलाच्या जन्माला तो हात धुऊन उभा राहिला, की लोक दात काढतात. सुईणीचं शिकणाऱ्या चाळीस मुलींत हा एकटा. टवाळांचा सुईणबुवा, ज्युनियर मुलींचा दादा.

ती मात्र दादा म्हणत नसे.

"तुला काय अडचण आहे गं?"

"तोंडातून निघतच नाही... काय करू?"

ती एकदा नापास झाली होती. बाळाचे ठोके ऐकताना आईची नाडीही धरायची असते. हिनं ती अंगठ्यानं धरली. अंगठ्यात आपलीच नाडी उडते – बाई स्वतःचेच ठोके मोजत बसल्या! पुन्हा चुकली तर शिक्षण बंद. भाऊ तिचं सामान न्यायला टपलेलाच.

म्हणून रोज दुपारी तिसऱ्या वर्षाच्या यानं पहिल्या वर्षाच्या हिला शिकवायचं. साबणाचा वास, कोपरापर्यंत ओले हात, आणि एकच घोष – "अंगठा वर, घाईबाई! बोटं ठेव."

तीन आठवड्यांनी ती पास झाली. आणि तिचा चेहरा पडला.

"शेवटची सही," तिच्या वहीत बघत तो म्हणाला. "उद्यापासून मला दुसरी मिळणार."

"दुसरी?"

"विद्यार्थिनी गं."

तिनं मनगट पुढं केलं. "जाता जाता माझी नाडी बघा."

घड्याळाचा काटा पूर्ण फिरला. "एकशे बारा! पास झालीस ना? आता कसली धास्ती?"

ती तर शांत बसली होती. तिनं खाली पाहिलं.

"अंगठा..." ती हळूच म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. पण अंगठा उचलला नाही.

"म्हणजे ते एकशे बारा –"

"माझे. तीन आठवडे हेच चाललंय."

"मग बोलायचं की!"

"तुझ्या वहीवर सही माझी. ती व्हायच्या आधी बोललो असतो, तर तो नीचपणा झाला असता."

"झाली ना सही?"

"झाली."

"मग बोटं ठेवा... आता माझे मोजा."

त्यानं मोजले. चुकला. पुन्हा मोजले.

"किती?"

"तुझेही काही कमी नाहीत."

ती हसली. "आणि हो, उद्या त्या दुसरीला सांगा... तिनं खुशाल दादा म्हणावं."