बाजूला ठेवलेली मिरची

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर एकतीस वर्षं हजेरी मांडली की माणूस चेहरे बघायचं सोडून देतो. मी बायका खोकल्यावरून ओळखायचो. भिंतीपलीकडे बेचाळीस जणी देठ खुडत बसलेल्या असायच्या. फुलवंताबाईचा खोकला म्हणजे दोन ठसके आणि एक शिवी. रूपलीबाईचा कोरडा, एकच, कुणाची परवानगी घेतल्यासारखा. खुर्चीवरून न उठता माझी हजेरी पुरी व्हायची. सुमेरमल शेठना त्याचं कौतुक होतं, पण ते हसत नसत. हसलं की काहीतरी खर्ची पडतं, अशी त्यांची समजूत.

रूपलीबाई धडगावकडची. मिरचीकडे ती बघायचीच नाही. बोटांत धरली की आतून ओली कोणती, रंग उडालेली फटकी कोणती, तिला कळायचं आणि मिरची आपापल्या ढिगात जाऊन पडायची. रोज सकाळी नव्या ढिगातली पहिली मिरची मात्र ती डाव्या हाताला, जमिनीवर, वेगळी ठेवायची. ती याहामोगी मातेची. त्याशिवाय दुसरीला हात लावायची नाही.

यंदा शेठच्या मुलानं, श्रेणिकनं, यंत्र आणलं. वर कॅमेरे, खाली रबरी बोटांचे दोन हात. स्वतःच शिकतं म्हणे, पण आधी शिकवणारं कुणीतरी हवं. तारांचे पातळ हातमोजे घालून एकवीस दिवस नेहमीचं काम करायचं, एवढंच. रूपलीबाई बिचकली. तिला पटवायला मला पाठवलं.

"फक्त दाखवायचं आहे, बाई. काम तर तूच करणार," मी म्हणालो. तिची मुलगी ममता लोणखेड्याला कॉलेजात शिकते, तेही मध्ये घातलं. असल्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही.

हातमोजे चढताना फुलवंताबाई ओरडली, "रूपली, नवरीना गत सजाडी ऱ्हायनात तुन्हा हात!"

"नवरदेव ते लोखंडना शे," रूपलीबाई म्हणाली. सगळी पथारी हसली, खोकली.

बाविसाव्या दिवशी यंत्र सुरू झालं. त्यानं पहिली मिरची उचलली आणि डावीकडे, लोखंडी कडेवर, वेगळी ठेवली. श्रेणिक म्हणाला, सेटिंग चुकलंय. मी मनात म्हटलं, चुकलं कुठे? जे दाखवलं ते शिकलं. हिशेब जुळत होता.

सदतीस जणींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेही मीच सांगितलं. सांडलेलं वेचायला पाच ठेवल्या, त्यांत रूपलीबाई. पहिल्याच आठवड्यात तिनं लाल मिरची फटकीत टाकली. मला वाटलं, राग काढतेय. मग चहाचा ग्लास तिच्या हातून सुटला. खाली पडलेल्या काचांकडे ती बघत राहिली.

"हात मन्हाच शेतस, भाऊ. पन ऐकतस नही."

डॉक्टरला दाखवलं. त्याला काही सापडलं नाही.

रविवारी ममता आली. केस मोकळे, रबरात कसेबसे अडकवलेले. "काका, आईला माझी वेणी घालता येईना. भाकरी थापायला बसली, तर पीठ हातात घेऊन नुसती बसून राहिली."

त्या दुपारी पाची जणी जेवायला गेल्या होत्या. यंत्राकडे मिरची आणणारा पट्टा बंद होता. मी पाणी प्यायला आत गेलो, तर यंत्राचे हात हलत होते.

मिरची नव्हती. दोन्ही रबरी पंजे समोरासमोर. एक थाप, थोडं फिरवणं, पुन्हा थाप. कडेला आले की बोटं हलकी व्हायची.

मग ती बोटं वर गेली. हवेत तीन पेड धरले. एकावर एक घेत शेवटापर्यंत उतरली आणि गाठ मारली.

हातमोजे घालून हे कुणी केलं नव्हतं.

"रिकामी हालचाल असते, काका," मी बोलावून दाखवल्यावर श्रेणिक म्हणाला.

"बंद कर ते."

"एका बाईसाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रूपलीबाईला यंत्रापुढे नेऊन उभं केलं. वाटलं, आपलंच आहे म्हणून ओळखेल, काही परत येईल. यंत्रानं पहिली मिरची उचलून डावीकडे ठेवली.

"हाई कोनी ठेवी?" तिनं विचारलं.

"तुन्हीच रीत शे ना, बाई. याहामोगीनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. परक्या माणसाचा मान ठेवावा तसं बघणं.

"कोन याहामोगी?"

यंत्रानं दुसरी मिरची उचलली.

ममता तिला गावी घेऊन गेली. जाताना रूपलीबाई दोन्ही हात पुढे धरून चालत होती, दुसऱ्या कुणाची वस्तू पोचवायला निघाल्यासारखी.

मग खोकल्यावरून हजेरी मांडायलाही यंत्रानं शिकावं म्हणून श्रेणिकनं माझ्या टेबलावर माइक आणि पडदा आणून ठेवला. "फक्त दाखवायचं, काका. काम तर तुम्हीच करणार."

शब्द माझेच. मी नाही म्हणालो नाही. वाटलं, माझ्याकडे घेण्यासारखं आहे काय?

माइक आला त्या दिवसापासून हे हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. आज सहावा दिवस. दुपारची सुट्टी आहे, बायका जेवायला गेल्यात.

आत्ता भिंतीपलीकडे, यंत्र आहे त्या बाजूला, कुणीतरी खोकलं. कोरडं, एकदाच.

मी पेन उचललं. नाव आलं नाही.

पडद्यावर आलं.

तेच नाव मागच्या पानांवर पुष्कळदा आहे. अक्षर माझंच आहे. ही बाई कोण, ते कुणाला तरी विचारायला हवं.