गाण्यात उठणारा

पहिल्यांदा त्याने माझा पाय तुडवला, तेव्हा पडद्यावर नायिका जीव ओतून गात होती.

"सॉरी हां... जरा पाय आत घेता?"

घेतले. काय करणार! कोपरीतल्या आमच्या फिल्म क्लबात दाराजवळची खुर्ची माझी. बाहेर जाणाऱ्याला माझ्या पुढूनच जावं लागतं. पण हा दुसऱ्या गाण्याला परत उठला. तिसऱ्यालाही. नेमका गाण्यालाच! निळा शर्ट, गालावर खळी, आणि दर वेळी तेच — "जरा पाय..." माझा जीव नुसता खालीवर होत होता.

कारण त्या दुपारी मतदान होतं. या जुन्या संगीतपटाला त्या काळी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालेलं. ते योग्य होतं का, हे क्लब हात वर करून ठरवणार होता. 'नाही' ठरलं, तर पुढे क्लबात संगीतपट बंद, असं क्लब चालवणाऱ्या अण्णांनी जाहीर केलेलं. आणि मी शहाणी, सिनेमाआधीच छातीठोकपणे सांगून बसले होते, "गाण्यात एकही माणूस उठला नाही, तर पारितोषिक खरं!"

सिनेमा संपला. अण्णांनी सावकाश चष्मा पुसला.

"नीरजा, तुझ्याच कसोटीवर पाहू. हे गृहस्थ सात गाण्यांना सात वेळा उठले. काय नाव आपलं?"

"संदेश. मोहन्याहून आलोय."

"गाणी कंटाळवाणी वाटली ना?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की कच्चा खाईन.

"नाही ओ अण्णा! भारी होती. बाहेर उभं राहून सगळी ऐकली मी."

"मग उठलात कशाला?"

"ते... बाहेर जायचा रस्ता यांच्या खुर्चीपुढून जातो ना."

एकच हशा उसळला. माझे कान तापले.

"पहिल्यांदा खरंच पाणी प्यायला उठलेलो," तो पुटपुटला. "पण या अशा चिडल्या ना... मग राहवलंच नाही."

"आणि गाण्यातच का?" मी फणकारले.

"गाण्यातच तर तुम्ही चिडता!"

राग आला होता हो, खरंच आला होता. मग हसू का दाबावं लागत होतं?

"साक्षीदार फुटला," अण्णा म्हणाले. "गाणी निर्दोष आहेत. करा हात वर!"

हातच हात वर गेले. त्याचा सगळ्यात आधी.

पुढच्या महिन्यात पुन्हा संगीतपट. मी पोचले तर हा माझ्याच खुर्चीत! मी निमूट आतल्या बाजूला बसले. पहिलं गाणं लागलं... हा हलेना. दुसरं लागलं, तरी घडी घातलेल्या हातांनी शहाण्यासारखा पडद्याकडे बघतोय. माझीच चुळबुळ वाढली. महिनाभर मी या माणसाच्या 'जरा पाय'ची वाट पाहत होते, हे मला तिथे, तिसऱ्या गाण्याच्या पहिल्या ओळीला कळलं.

गाणं सुंदर होतं. कोणीच उठत नव्हतं. कसोटी गेली खड्ड्यात — मी उठले.

"अहो संदेश... जरा पाय आत घेता?"

त्याने पाय घेतलेच नाहीत. माझा हात धरून तोही उठला, आणि ते गाणं आम्ही दोघांनी बाहेर उभं राहून ऐकलं.