चौथा निवारा

खापरवाडीत बसचे तीन निवारे आहेत आणि बस एकही येत नाही. हसताय? हसा. आधी खापरवाडीची माणसंही हसलीच होती.

पहिला निवारा मारुतीच्या पारासमोर, दुसरा शाळेला लागून आणि तिसरा वेशीबाहेर. तिन्हींच्या कपाळावर तीन वेगवेगळ्या आमदारांची नावं, शेजारी हात जोडलेला फोटो, खाली ‘स्थानिक विकास निधीतून’. बस अडली होती ती नाल्यापायी. राजूर-हसनाबाद रस्त्यावरच्या फाट्यापासून गाव साडेतीन किलोमीटर आत, आणि मधे हा नाला. डेपोवाले म्हणायचे, पूल बांधा, उद्याच गाडी लावतो. पूल कुणी बांधेना. निवारे मात्र दर निवडणुकीच्या आगेमागे उगवायचे, त्यांना कुणाची ना नव्हती.

तर त्या वेशीबाहेरच्या निवाऱ्यात, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, आकांक्षा एकटीच उभी होती. कापूस वेचणीला आलेला आणि नेमकी तेव्हाच अवकाळीची सर कोसळलेली. आकांक्षा वीस वर्षांची, जालन्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फाट्यावर उतरून चालत येताना पावसानं तिला वेशीपाशी गाठलं. ओढणीचं टोक पिळत ती मनातल्या मनात पावसाला शिव्या घालत होती, तेवढ्यात चार भोंगे लावलेली एक अ‍ॅपे रिक्षा चिखलात रुतून बंद पडली. आतून एक पोरगा उडी मारून धावत आला. स्वतः नखशिखांत भिजलेला, पण छातीशी धरलेला अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्याच्याच जाकिटात गुंडाळलेला.

“ताई, जरा सरकता का? मशीन भिजून राह्यलं.”

“मला ताई म्हणू नका.”

“का हो?”

“सकाळपासून तुमचा भोंगा सगळ्या तालुक्याला ताई म्हणून राह्यला. त्यात माझी भर कशाला?”

“मंग काय म्हणू?”

“मतदार म्हणा. पहिल्यांदाच यादीत नाव आलंय.”

पोरगा हसला. हसताना त्याच्या भिजलेल्या पापण्या मिटल्या, आणि आकांक्षानं उगाचच दुसरीकडं पाहिलं.

“बरं, मतदार... पुढची बस कव्हा हाय?”

“इथं बस येत न्हाई.”

“आं? मंग हा निवारा—”

“हा तिसरा. आत अजून दोन हायेत. कोणत्याबी निवाऱ्यात बसा, बस येत न्हाई.”

“मंग तुम्ही इथं काय करून राह्यल्या?”

“निवारा घेऊन राह्यले,” ती म्हणाली, आणि मग दोघंही खो खो हसले.

त्याचं नाव माऊली. राजूरचा. भोंगे, माईक आणि रिक्षा त्याची स्वतःची; यंदा ती विधानसभेला उभ्या राहिलेल्या भाऊसाहेबांच्या प्रचाराला लागलेली. नाव ऐकून आकांक्षा म्हणाली, “बाई गं! म्हणजे तुम्हाला हाक मारली का पायाबी पडावं लागंल.” पण आवाज ओळखीचा वाटत होता. थोड्या वेळानं तिला आठवलं.

“अंगारकीला राजूरच्या गणपतीपाशी हरवलेल्या माणसांना पुकारता, ते तुम्हीच का?”

“हौ. मीच.”

“आमची गोजरबाई मावशी हरवल्ती. तुम्ही पुकारलं, ‘जिथं असाल तिथून कमानीजवळ या, आपली माणसं वाट बघून राह्यलीत.’ मावशी आली बिचारी, पण ते ऐकून रडू मलाच आल्तं.”

माऊली जाकिटाची गाठ घट्ट करत म्हणाला, “ते मी वाचत न्हाई. ते आतून येतं. प्रचाराचं मात्र कागद देतेत, मी वाचतो.”

“मंग एक सांगू? कागदावर न्हाई ते. पूल का होत न्हाई माहितीये? पुलावर फोटो कुठं लावणार? माणूस पुलावरून जाताना खाली पाणी बघतो. निवाऱ्यात बसलेला माणूस समोर नाव वाचतो. आमच्या गावाचा सगळा निधी त्या नावात गेला.”

ती हे हसत हसत बोलली खरी, पण तिचा जीव त्यात अडकलेला होता. गेल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं म्हणून तिचे अकरा दिवस बुडाले होते. कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर परीक्षेला बसू देणार नाही. हॉस्टेल वडिलांच्या आवाक्यातलं नव्हतं. पूल झाला तर आकांक्षा नर्स होणार होती. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात घरी बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा गावात शिरली आणि भोंग्यातून कागद वाचल्यासारखा आवाज आलाच नाही. “खापरवाडीला निवारे किती? तीन! बस किती? एकबी न्हाई! अरे, फोटो लावायला जागा न्हाई म्हणून पूल बांधत न्हाईत का तुम्ही?” पारावरची माणसं पोट धरून हसली. आकांक्षाचे वडील मच्छिंद्र ओट्यावर दाढी करत होते. साबणाचा ब्रश तसाच गालावर ठेवून ते म्हणाले, “हे तर आपल्या आकीचं बोलणं हाय!” आणि आत भाकरी थापता थापता आकांक्षाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर तिचं बोलणं घरात कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. आणि आता चार भोंगे ते तालुकाभर सांगत होते!

चार दिवसांत ते सगळीकडं झालं. राजूरच्या सभेत खुद्द भाऊसाहेब हात वर करून म्हणाले, “निवडून आलो, का पहिली सही खापरवाडीच्या पुलावर!” केवढ्या टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त आकांक्षानं वाजवल्या.

आणि रोज संध्याकाळी पाचला रिक्षा फाट्यावर उभी. प्रचाराच्या गाडीत बसली तर गाव नावं ठेवील म्हणून आकांक्षा बसायची नाही. मग ती रस्त्याच्या कडेनं चालायची आणि शेजारून रिक्षा, भोंगे बंद करून, तिच्या चालीनं सरकायची. साडेतीन किलोमीटर!

“डिझेल जळतंय ना फुकट,” ती म्हणायची.

“पक्षाचं जळून राह्यलं. माझा जीव जळतो त्याचं बघ की जरा.”

“ये... वाचून दाखवतोस का हे?”

“न्हाई गं. आतून.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. नाल्यात घोट्याएवढं पाणी असायचं; तिथं तो रिक्षा थांबवून खाली उतरायचा. पहिल्या दिवशी त्यानं पुढं केलेला हात तिनं पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाहिला. तिसऱ्या दिवशी पाणी ओलांडून झाल्यावरही हात सोडायचं राहून गेलं.

“ज्या दिवशी इथल्या पुलावरून पहिली बस येईल ना,” माऊली म्हणाला, “त्या बसमधून उतरून सरळ तुझ्या घरी येणार. मच्छिंद्रमामाला म्हणणार...”

“काय म्हणणार?”

“भोंग्यावर सांगू का आत्ता?”

“नको रे बाबा!” तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, “आन् बस न्हाईच आली तर?”

“तर चालत येईन. पण येईन.”

आकांक्षानं मग गल्लीतल्या बाया गोळा केल्या. आईला, उषाबाईला, पुढं घातलं. “यावेळी पूल होतो, माझा शब्द हाय,” असं वीस वर्षांच्या पोरीनं सांगितलं आणि बायांनी मानलं. मतदानाच्या दिवशी तिनं शाई लागलेलं बोट माऊलीला दाखवलं, तेव्हा त्यानं ते दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. भाऊसाहेब निवडून आले. गुलालात माखलेला माऊली वेशीपर्यंत नाचत आला आणि त्या रात्री आकांक्षाला आनंदानं झोप लागली नाही.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडं निवडणूक झाली की पुढं काय होतं? डिसेंबरात पूल ‘प्रस्तावात’ होता. जानेवारीत ‘तांत्रिक मंजुरीत’ होता. फेब्रुवारीत गल्लीतल्या बाया नळावर आकांक्षाला बघून घागरी जरा जोरात आपटायला लागल्या. “काय गं, तुझा शब्द कुठवर आला?” असं विचारून एकमेकींकडं बघायच्या.

मार्चात एक पांढरी जीप फाट्यावर येऊन थांबली. तिच्यातून माऊली उतरला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, चेहरा आनंदानं फुललेला.

“आकांक्षा! भाऊसाहेबांनी काम दिलं मला. तुमच्याच गावचं!”

“पुलाचं?”

“न्हाई... पूल पुढच्या टप्प्यात. हे लहान हाय. माझ्या आवाक्यातलं.”

“कशाचं काम, माऊली?”

त्यानं सदऱ्याची कॉलर नीट केली. “...निवाऱ्याचं.”

तो भराभर बोलत सुटला, “अगं, ऐक तर. भोंग्यावर कुणी पोरगी देतं का? पहिलं काम चांगलं केलं का दुसरं मिळतं. उद्या पुलाचंबी मलाच मिळंल. तुझ्या बापासमोर ताठ उभं राहता यावं म्हणून तर करून राह्यलो. आन् बाकडं बघ, घडीव फरशीचं करणार हाय. तुला बसायला.”

“मला बसायला,” आकांक्षा म्हणाली. “बराबर. पावसाळ्यापासून मला बसायचंच तर हाय.”

त्याला ते कळलं नाही. की कळूनही त्यानं कळू दिलं नाही, कोण जाणे! तिनं मात्र मनाला समजावलं. करतोय तो आपल्यासाठीच, चुकतोय पण आपल्यासाठीच. प्रेमात पडलेली माणसं अशी स्वतःलाच गाजरं दाखवतात.

एप्रिलात चौथ्या निवाऱ्याचं लोकार्पण झालं. मांडव, फेटे, सत्काराचे नारळ, आणि माईकवर अर्थातच माऊली. आकांक्षा बायांच्या मागं उभी होती. भाऊसाहेबांचं गुणगान आटोपून माऊलीनं गळ्यात मध आणला आणि म्हणाला, “ज्यांनी गावाचा प्रश्न सर्वप्रथम मांडला, त्या खापरवाडीच्या लेक, आपल्या सर्वांच्या भगिनी, आकांक्षाताईंना मी विनंती करतो की त्यांनी आभाराचे दोन शब्द बोलावेत!”

ताई.

गावासमोर दुसरं काय म्हणणार होता तो, हे तिलाही समजत होतं. तरी तो शब्द तिला लागायचा तो लागलाच. ती पुढं होऊन स्टेजवर गेली. माईक घेतला. आणि बोलली ती अगदी अंगारकीतल्या त्याच्यासारखी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

“भाविकांना एक सूचना. खापरवाडीचा पूल हरवलाय. नोव्हेंबरात राजूरच्या सभेत तो सगळ्यांनी शेवटचा पाह्यला. ज्यांना दिसंल त्यांनी त्याला नाल्यावर आणून सोडावं. आपली माणसं वाट बघून—”

आवाज गेला. तिला वाटलं, वीज गेली. पण पंखे फिरत होते. तिनं वळून पाहिलं. भाऊसाहेबांनी नुसतं मान वळवून माऊलीकडं बघितलं होतं. आणि माऊलीचा हात मशीनच्या बटणावर होता. तेच मशीन, जे त्यानं स्वतः भिजून, जाकिटात गुंडाळून पावसातून आणलं होतं.

“—राह्यलीत,” ती माईकशिवाय म्हणाली. मागच्या बायांपर्यंत ते पोचलंही नाही.

खाली उतरताना ती त्याच्यापाशी थांबली. तो कुजबुजला, “आकांक्षा, समजून घे ना... अजून बिल निघायचंय.”

“चालत येणार होतास,” ती म्हणाली. “जीप कशाला आणलीस?”

मग ती घरी गेली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. आठवड्याभरात आकांक्षानं जालन्यात एका खाजगी दवाखान्यात रातपाळी धरली. तिथंच जिन्याखालच्या खोलीत राहायची सोय झाली. दिवसा कॉलेज, रात्री काम, झोप मिळेल तेवढी. नर्स तर ती होणारच होती.

ऑगस्टात राखीपौर्णिमेला ती घरी आली आणि नाल्याला पाणी आलं म्हणून दोन दिवस अडकली. मंगळवारी पाणी उतरल्यावर फाट्यावर येऊन जालन्याची बस धरली. नेमकी अंगारकी होती. राजूरला गर्दीत बस मुंगीच्या पावलानं चालली होती आणि कमानीवरच्या भोंग्यातून तो आवाज येत होता. तसाच.

“...जिथं असाल तिथून कमानीजवळ या. आपली माणसं वाट बघून राह्यलीत.”

आकांक्षानं खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, वाहू दिलं. कंडक्टर मागं येत होता. उठायला धरावा तसा तिचा हात सीटच्या दांड्यावर बघून त्यानं विचारलं, “राजूर का? उतरायचंय का, ताई?”

“न्हाई,” ती म्हणाली. “सरळ जालना.”