धुक्याच्या नावाची वेल

त्या सकाळी अमिरातीतल्या आमच्या अल ऐनवर एवढं धुकं होतं की शाळेआधी आईसाठी तुळशीचं रोप घ्यायला मी नर्सरीत शिरले आणि थेट एका मुलावर आदळले! त्याच्या हातातला पाण्याचा पाइप माझ्या युनिफॉर्मवर...

"सॉरी... सॉरी!"

"अरे, मी काय कुंडी आहे?"

तो हसला नाही. कान मात्र लाल झाले. सत्यजित! आमच्या अकरावीत नुकताच आलेला, निफाडच्या द्राक्षबागेतला, नर्सरी सांभाळणाऱ्या अण्णाकाकांचा मुलगा. वर्गात तोंडच उघडायचा नाही. मग काय, ती सगळी थंडी मी शाळा सुटली की नर्सरीत. आमच्या तुळशीला फारच औषधं लागायची ना...

शेडच्या कोपऱ्यात द्राक्षाची एक वेल होती. नर्सरीच्या इटालियन इंजिनिअरने आपल्या गावाहून आणलेली — नेबिओलो. नाव म्हणे धुक्यावरूनच पडलंय.

"हट्टी जात आहे," सत्यजित म्हणाला. वेलीबद्दल तो बोलायचा! "सगळ्यांच्या आधी फुटते, सगळ्यांच्या शेवटी पिकते. आपल्या टेकड्या सोडून कुठे रमत नाही. रंग फिका, पण साल अशी की तोंड कोरडं पडतं."

"आधी फुटणारी मी. शेवटी पिकणारा तू!"

तो कात्री पुसायला लागला.

"बोल ना. काहीतरी सांगायचंय तुला, मला कळतं."

"घड येऊ दे," तो कात्रीकडे बघत म्हणाला. "पहिला घड आला की... सांगतो."

"प्रॉमिस?"

"इन्शाल्ला."

इंजिनिअर मोठ्या सुट्टीवर होता. जानेवारीत सत्यजितनेच वेल छाटली — निफाडला एप्रिलमध्ये करतात तशी, पार खरडून, काडीवर कोंब फुटायचे दोन-दोन डोळे ठेवून. मी काड्या गोळा करत होते. बोटाला बोट लागलं... दोघांनीही काढलं नाही.

मार्चमध्ये वेल फुटली. पानंच पानं! एप्रिल गेला, मे आला. घड नाही.

इंजिनिअर परतला आणि वेल बघून त्याने कपाळाला हात लावला. या जातीत काडीच्या बुडाचे डोळे फळ देतच नाहीत, फळ असतं पुढच्या डोळ्यांत. सत्यजितने नेमकं तेच कापून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात कळलं, अण्णाकाकांचा व्हिसा रिन्यू होणार नाही.

जूनच्या त्या दुपारी टॅक्सीत सामान भरलेलं. सत्यजित उघड्या दाराशी उभा.

"घड नाही आला," तो म्हणाला.

"खड्ड्यात गेला घड! तू मला आवडतोस. खलास. आता तू बोल."

त्याचे ओठ हलले...

"सत्या, यल्ला, चल! फ्लाइट चुकेल," अण्णाकाका आतून ओरडले.

"पुढच्या थंडीत... काड्या लांब ठेव," एवढंच म्हणाला तो. डोळे भरून आले होते त्याचे. मी रागाने वळले — बाय पण केलं नाही.

पण ठेवल्या. चांगल्या लांब काड्या, तारेवर वाकवून बांधलेल्या. वसंतात एकच घड धरला. बाजारातली द्राक्षं येऊन संपली तरी हा आपला हिरवाच! सप्टेंबरात कुठे फिका लाल झाला.

एक मणी तोंडात टाकला. आधी गोड... मग साल चावली गेली. जीभ टाळूला चिकटली, तोंड असं आवळून आलं की —

इंजिनिअरने हातानेच विचारलं, कसा आहे?

आणि मी, अख्ख्या शाळेत गाजलेली बडबडी, नुसती बघत राहिले. शब्द होते. सगळे होते, अगदी ओठांपर्यंत. बाहेर येत नव्हते, एवढंच.

टॅक्सीच्या दाराशी तो असाच उभा होता.