आई वजा करता

पुण्यातला मावसभाऊ अंशुमन दरवर्षी स्वतःच्या आईला डिपेंडंट दाखवून टॅक्स वाचवायचा आणि फोन करून ते माधवला ऐकवायचा. "तुमच्या त्या देशात आईला काहीच भाव नाही का रे?"

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत वाढलेल्या माधवला हे लागलं. त्यानं शोधाशोध केली. इन्कम टॅक्सवाल्यांना आई नावाचा प्रकार ठाऊक नव्हता. कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, मात्र एक सोय निघाली. घरातल्या माणसाला डिमेन्शिया असला आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं, की त्या माणसाला मोजतच नाहीत. माधवचा घटस्फोट झालेला, घरात तो आणि आई. आई वजा केली की माधव एकटा, आणि एकट्याला पंचवीस टक्के सूट. अंशुमन आई दाखवून वाचवत होता, माधवनं आई न दाखवता वाचवले. दोन्हीकडे मातृभक्तीच.

आई, म्हणजे डॉक्टर मधुमती, एके काळी निम्म्या कॉव्हेंट्रीला ऑपरेशनआधी भूल देऊन झालेली. आता ती रोज माधवला विचारायची, "तुम्ही कोणाकडे आलात?" दिवसातून एकदा मात्र कधीतरी "माध्या" म्हणायची. त्या एका हाकेवर त्याचा दिवस निघायचा.

सूट मंजूर झाली. त्या आठवड्यात सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार आईसमोर उघडेना. माधव पुढे झाला, उघडलं. सेन्सर बिघडला असेल, त्यानं मनात म्हटलं.

कॅफेत दोन चहा सांगितले. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कप त्याच्याचपुढे ठेवले आणि हसून म्हणाली, "लाँग डे, लव्ह?"

बसमध्ये एक बाई आईच्या सीटवर बसायला वाकली. माधवनं तिचा दंड धरला. बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढच्या स्टॉपला आईला घेऊन त्यालाच उतरावं लागलं.

रविवारी लीड्सहून त्याची मुलगी दिया आली. आत येताच कोट काढून तिनं खुर्चीवर टाकला. खुर्चीत आई होती. आईनं मांडीवरच्या कोटाच्या सुरकुत्या हळूहळू हातानं सारख्या केल्या.

"बाबा, तू दोन ताट का वाढला?" दियानं विचारलं. "मी ट्रेनमध्ये खाल्ला."

"आजीचं आहे ते."

दियानं जवळ येऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आय नो, बाबा. मी पण खूप मिस करते तिला."

माधवनं खुर्चीकडे पाहिलं. आई कोटाचं एक बटण लावत होती.

सोमवारी सकाळी उजाडल्यापासून तो फोन धरून बसला. कौन्सिलची बाई लाइनवर आली तेव्हा म्हणाला, सूट नको, पूर्ण भरतो, मागचंही भरतो, आईला परत मोजा.

"ऑफ कोर्स, सर. त्यांच्याशी बोलता येईल का? नाव आणि जन्मतारीख, बस."

त्यानं फोन आईच्या तोंडाशी धरला. "आई, नाव सांग."

आई ताठ बसली. कित्येक महिन्यांत निघाला नव्हता असा स्वच्छ आवाज निघाला. "डॉक्टर मधुमती." मग जन्मतारीख. मग हॉस्पिटल, वॉर्ड, सगळं.

फोनमधून प्रश्न आला, "हॅलो? सर, आर यू स्टिल देअर?"

"त्या बोलताहेत."

"टेक युअर टाइम, सर. एकट्यानं राहणं सोपं नसतं."

त्यानं फोन बंद केला. आई बोलतच होती, आणि आता सरळ त्याच्याकडे बघत होती, ओळखीनं.

"आई, मोठ्यानं."

तिचे ओठ हलत होते.

त्यानं खिडकी लावली. रेडिओ बंद केला.

मग फ्रिजचं बटण बंद केलं.

ओठ हलत होते.